येऊन जाणारी छातीदुखी : कारणमीमांसा

प्रस्तावना :

छातीत अधूनमधून दुखते आणि काही वेळाने आपोआप थांबते, ही मध्यमवयीन व्यक्तींमध्ये वारंवार आढळणारी तक्रार आहे. ‘गॅस झाला असेल’ किंवा ‘गर्दीत अवघडलो असेन’ असे म्हणून ती बाजूला सारली जाते. कल्याणहून मुंबईपर्यंतचा सुमारे ५३ कि.मी.चा लोकल प्रवास रोज करणाऱ्यास अशी सबब सहज सापडते. वेदना थांबली म्हणजे धोका टळला, हे या सबबीमागील गृहीतक असते. हे गृहीतक का टिकत नाही आणि वेदनेच्या येण्याजाण्यातूनच तिच्या कारणाचा माग कसा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हृदयजन्य वेदनेचे स्वरूप :

इंग्लंडमधील वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे या विकाराचे वर्णन सादर केले व त्यास ‘अंजायना पेक्टोरिस’ हे नाव दिले. चालताना, विशेषतः चढावर व जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबताच ते नाहीसे होते, हे त्यांचे निरीक्षण आजही प्रमाण मानले जाते.

यामागील कारण मागणी व पुरवठा यांच्या गणितात आहे. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या धमन्या मेदाच्या थरांमुळे अरुंद झाल्या, तरी विश्रांतीच्या वेळी पुरवठा भागतो. स्थानकाच्या पुलाचा जिना घाईने चढताना हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते, अरुंद धमनी ती पुरवू शकत नाही आणि वेदना होते. व्यक्ती थांबली की मागणी घटते व वेदना शमते. धमनीतील अडथळा मात्र तसाच राहतो. म्हणजे वेदनेचे थांबणे हा निरोगीपणाचा पुरावा नसून कित्येकदा विकाराचेच लक्षण असते.

हृदय व डावा हात यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या समान पातळ्यांवर पोहोचतात. त्यामुळे ही वेदना हात, खांदा, मान वा जबड्यात जाणवू शकते. धमनीच्या आकुंचनामुळे विश्रांतीत, बहुधा पहाटे, येणारी वेदना हा याचाच एक निराळा प्रकार होय.

अन्य कारणे :

छातीतील प्रत्येक वेदना हृदयाची नसते. अन्ननलिकेत आम्ल वर चढल्यास जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर जळजळ होते. बरगड्यांच्या कूर्चेस सूज आल्यास बोटाने दाबता येईल अशा ठिकाणी दुखते. स्नायू ताणल्यास हालचालीसरशी चमक येते. नागिणीत पुरळ उठण्यापूर्वी काही दिवस छातीच्या एका बाजूस आग होऊ शकते. तीव्र चिंतेच्या झटक्यातही धडधड व छातीत दुखणे एकत्र येते.

फुप्फुसावरणाच्या दाहात दीर्घ श्वास घेताच कळ उठते. आपल्याकडे त्याचे एक महत्त्वाचे कारण क्षयरोग आहे. कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचा १८८७ साली क्षयानेच अंत झाला. तेव्हा या रोगावर औषध नव्हते. आज तो औषधाने बरा होतो, मात्र निदान वेळेवर व्हावे लागते. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे किंवा महाधमनीचा थर फाटणे ही कारणे तुलनेने विरळ, परंतु प्राणघातक आहेत.

शब्द आणि निदान :

मराठीत या वेदनेसाठी दडपण, कळ, चमक, जळजळ, उसण असे शब्द आहेत. ते समानार्थी नाहीत. दडपण हृदयाकडे, जळजळ अन्ननलिकेकडे, तर चमक व उसण स्नायूंकडे बोट दाखवितात. तथापि हे केवळ संकेत आहेत. हृदय व अन्ननलिका यांच्या संवेदना एकमेकींत मिसळतात. आम्लनाशक घेतल्यावर बरे वाटले, एवढ्यावरून हृदयविकार नाकारता येत नाही. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात धाप, घाम, मळमळ वा कमालीचा थकवा हीच लक्षणे ठळक असू शकतात. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘अनियमित लक्षणे’ अशा अर्थाची जुनी संज्ञा टाळण्याची शिफारस आहे, कारण तिच्यामुळे हृदयविकार दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो.

म्हणून वैद्यांकडे जाताना पुढील नोंद उपयुक्त ठरते : वेदना कशाने सुरू होते, किती मिनिटे टिकते, कशाने थांबते, कोठे पसरते आणि गेल्या काही आठवड्यांत तिचे स्वरूप बदलले आहे काय. विश्रांतीत काढलेला ईसीजी निर्दोष आला तरी श्रमजन्य वेदनेचा हृदयाशी संबंध नाही, असे सिद्ध होत नाही. आवश्यकतेनुसार श्रमचाचणी, इकोकार्डिओग्राफी वा धमन्यांचे सीटी चित्रण करावे लागते.

धोक्याची पातळी :

इंटरहार्ट अभ्यासाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार दक्षिण आशियातील व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी, तर अन्यत्र सुमारे ५९व्या वर्षी आला. म्हणजेच नोकरीच्या ऐन बहरात. ज्ञान असणे म्हणजे संरक्षण असणे नव्हे. हजारो हृदये दुरुस्त करणारे शल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांचे २००३ साली हृदयविकाराच्या झटक्यानेच निधन झाले.

पूर्वी दोन जिने चढल्यावर येणारी वेदना आता सपाटीवर येऊ लागणे, वारंवारता वाढणे किंवा विश्रांतीतही दुखणे, हे अस्थिर अवस्थेचे लक्षण होय. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेदना काही मिनिटांच्या विश्रांतीने न शमल्यास, अथवा सोबत घाम, धाप, भोवळ असल्यास त्वरित १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. स्वतः वाहन चालवू नये. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी होणे अपेक्षित असते, कारण धमनी बंद असेपर्यंत हृदयाचा स्नायू मरत जातो.

समारोप :

येऊन जाणाऱ्या छातीदुखीची बहुतांश कारणे साधी असतात. परंतु कारण साधे आहे, हा तपासणीचा निष्कर्ष असावा, तपासणी टाळण्याचे निमित्त नसावे. विद्यार्थ्यांना पुराव्याविना अनुमान काढू नये असे शिकविणाऱ्या अध्यापकाने हाच नियम स्वतःच्या छातीतील वेदनेसही लावणे उचित ठरेल.