अंटार्क्टिकावरील श्वानपर्वाची ९५ वर्षे

अंटार्क्टिका हे कुत्र्याचे घर कधीच नव्हते. १८९९ मध्ये कार्स्टन बोर्कग्रेविंकच्या मोहिमेने केप अडेअर येथे ७५ कुत्रे उतरवले. त्या भूमीवरचे हे पहिले कुत्रे. त्यांना हाताळण्यासाठी उत्तर नॉर्वेतील दोन सामी माणसे मुद्दाम बरोबर घेतली होती. उत्तर ध्रुवाकडची ही विद्या अशी दक्षिणेत पोहोचली.

कुत्रा तिथे टिकला त्यामागे साधा हिशेब होता. घोड्याच्या अंगावरचा घाम गोठतो आणि त्याचा चारा जहाजातून न्यावा लागतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो वजनाला हलका, आणि त्याचे खाद्य म्हणजे सील किनाऱ्यावरच मिळे. शिवाय एका कुत्र्याचे मांस दुसऱ्याला चाले. ऑक्टोबर १९११ मध्ये रोआल्ड अमुंडसेन चार सहकारी आणि ५२ कुत्रे घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला. पठारावर चढताच ठरल्याप्रमाणे २४ कुत्रे मारले गेले. १४ डिसेंबरला ध्रुव गाठून मंडळी जानेवारीत तळावर परतली, तेव्हा ११ कुत्रे उरले होते.

पुढे यंत्रे आली. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश तळांवरील सर्वेक्षणाचे काम मोटारस्लेज आणि विमानांकडे गेले. थोडे कुत्रे उरले ते विरंगुळ्यापुरते. मग ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाच्या करारावर सह्या झाल्या. १ एप्रिल १९९४ पर्यंत अंटार्क्टिकातून सर्व कुत्रे हलवावेत, असे त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग सीलना होईल ही भीती होती. कुत्र्यांसाठी सील मारले जात, हाही आक्षेप होता. दोन्ही मुद्दे रास्तच. परंतु सीलची शिकार काही १९९१ मध्ये सुरू झाली नव्हती. कुत्र्यावाचून अडत होते तोवर त्याचे परकेपण कोणाला खटकले नाही. गरज सरो, वैद्य मरो!

२२ फेब्रुवारी १९९४ रोजी रोथेरा तळावरून शेवटचे ब्रिटिश कुत्रे निघाले. त्यांना कॅनडात हडसन उपसागराच्या काठी, इनुकजुआक या इनुइट गावी पाठवण्यात आले. पिढ्यानपिढ्या जंतूविरळ हवेत वाढलेल्या त्या कुत्र्यांना तिकडच्या रोगांची सवय नव्हती. त्यांतले बरेचसे लवकरच दगावले. ज्यांच्यापासून रोगाची भीती होती, तेच रोगाने गेले.

ज्या नुनाविक प्रदेशात ते पोहोचले, तिथल्या इनुइटांचे स्वतःचे शेकडो कुत्रे १९५० आणि १९६० च्या दशकांत पोलिसांनी व सरकारी अधिकाऱ्यांनी मारले होते. कुत्रा गेला की शिकार थांबे, आणि शिकार थांबली की घरातली चूल. त्याबद्दल कॅनडा सरकारने माफी मागितली ती २०२४ च्या नोव्हेंबरात. दक्षिणेत कुत्रा पाहुणा होता, त्याला परत पाठवणे समजू शकते. उत्तरेत मात्र तो घरचाच होता.