पत्र्याचा बंब

साताऱ्याच्या आमच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी. सकाळी तो पेटवायचं काम माझ्याकडे होतं. पुढे मिनेसोटात गॅरेजमध्ये विमान बांधताना तीच विद्या कामी आली.

विमान आरव्ही-9ए. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात. ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं किट आणायचं आणि रिव्हेट ठोकत बसायचं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं, ही अमेरिकी सरकारची अट. माझी आठ वर्षं गेली. हीटर मात्र मी 'नंतर बघू' म्हणून सोडला होता.

चूक पहिल्याच जानेवारीत कळली. वर जाताना हिशेबाने दर हजार फुटांना दोन अंश उतरतात. खाली उणे 10 असेल, तर 6,000 फुटांवर उणे 22. बोटं कडक झाली की रेडिओचं बटणही फिरत नाही.

मोटारीत इंजिनाभोवती फिरणारं गरम पाणी हीटरला मिळतं. आमचं लायकमिंग इंजिन वाऱ्यावरच थंड होतं, पाण्याचा पत्ता नाही. उरतो तो धुराचा नळ. त्याभोवती पत्र्याचं आवरण घालायचं, एका बाजूने बाहेरची हवा आत घ्यायची, दुसरीकडून तापलेली केबिनमध्ये सोडायची. म्हणजे बंबच, पाण्याऐवजी हवा. माझी हवा कोमटच यायची; ती नळाला नीट शिवतच नव्हती. एका जाणत्याने आवरणात स्टेनलेस स्टीलची घासणी कोंबायला सांगितलं. भांडी घासायचीच! हवा तिच्यात अडखळत जाते आणि चांगली तापते.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलवरची, गरम हवा आत सोडणाऱ्या झडपेची पेटी मी ॲल्युमिनियमची करणार होतो, हलकी म्हणून. पण ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. इंजिनाला आग लागली तर ज्वाळांना थेट माझ्या पायांशी दार मिळालं असतं. पेटी स्टीलची केली. झडप बंद असतानाही गरम हवेला बाहेर वाट ठेवली, नाहीतर आवरण आतल्या आत भाजत राहतं.

खरी भीती थंडीची नाहीच. धुराच्या नळाला आवरणाखाली केसाएवढी चीर गेली, तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये. त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. जानेवारी 2019 मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर विमानात गेला, त्याच्या तपासात सालाच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन या वायूने अडवलेलं निघालं. म्हणून दरवर्षी मी आवरण उतरवतो, व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून नळात हवा भरतो आणि वरून साबणाचं पाणी लावतो. बुडबुडा आला की गळती. सायकलचं पंक्चर काढतात तसं.

एवढं करून बायकोला वर नेलं. म्हणाली, "पाय चुलीत आणि मान फ्रीजमध्ये!" खरंच होतं. हातात लोकरीचा धागा धरून बघितलं, तर वारा मागून, शेपटीकडून पुढे येत होता. उडताना केबिनमधला दाब कमी होतो, मग मिळेल त्या फटीतून थंड हवा शिरते. सामानामागचा पडदा-पत्रा फोमने बंद केला, कंट्रोलचे दांडे आत येतात त्या भोकांवर चामड्याच्या पिशव्या शिवल्या. हीटरच्या खटाटोपापेक्षा या एका दुपारच्या कामाने जास्त ऊब दिली, हे कबूल करायला जड जातं.

पुढच्या फेरीत तिने हातमोजे काढले आणि चिवड्याचा डबा उघडला. समोरच्या कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरवर शून्य होतं. चिवडा खातानाही मी त्यावरची नजर हलवत नाही, म्हणून ती चिडते.