वस्ती आणि आरोग्य (लेखांक 7) : भाडं दिल्यावर ताटात काय उरतं?

गेल्या आठवड्यात आपण पूर्व लंडनमधल्या जुन्या वस्त्या पाहिल्या. एका खोलीत अख्खं कुटुंब, अंगणात सामाईक नळ, तीन-चार बिऱ्हाडांत मिळून एक शौचकूप आणि भिंतींच्या फटींत ढेकूण. माणसं या कोंदट गल्ल्यांतून बाहेर पडली, त्यांना ऊन आणि हवा मिळाली, की क्षय आणि घटसर्प मागे हटतील, असा विश्वास पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये डॉक्टरांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना होता. आज त्या विश्वासाचं पुढे काय झालं ते पाहू.

घरबांधणी तेव्हा आरोग्याचाच विषय मानली जात होती. 1919 मध्ये ब्रिटनमध्ये आरोग्य मंत्रालय नव्याने स्थापन झालं आणि घरांची जबाबदारी त्याच्याकडेच आली. पहिले आरोग्यमंत्री क्रिस्टोफर ॲडिसन हे स्वतः डॉक्टर. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1919 च्या कायद्याने नगरपालिकांवर कामगारांसाठी घरं बांधण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून मदत दिली. ही घरं कशी असावीत, हे ट्यूडर वॉल्टर्स समितीने 1918 मध्येच सांगून ठेवलं होतं. शहरात एकरी 12 पेक्षा जास्त घरं नकोत. समोरासमोरच्या रांगांमध्ये 70 फूट अंतर हवं, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊनही खिडकीतून आत येईल.

वाटाण्याच्या शेतात उभं राहिलेलं उपनगर

या विचारातून उभी राहिलेली सगळ्यात मोठी वसाहत म्हणजे लंडनच्या पूर्वेची बेकनट्री. लंडन काउंटी कौन्सिलने बार्किंग, डॅगनम आणि इलफर्ड या तीन गावांच्या हद्दीतली जमीन घेतली. तिथे तोवर भाजीपाल्याचे मळे होते. बटाटे आणि वाटाणे पिकवून लंडनच्या बाजारात पाठवले जात. 1921 मध्ये बांधकाम सुरू झालं. विटा आणि लाकूड आणायला टेम्स नदीवर धक्का आणि तिथून तात्पुरती रेल्वे बांधावी लागली, इतका या कामाचा पसारा होता. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ 26,000 घरं उभी राहिली आणि लाखाहून अधिक माणसं राहायला आली. डॅगनमची लोकसंख्या 1921 मध्ये जेमतेम 9,000 होती. 1931 च्या जनगणनेत ती 89,000 च्या वर गेली.

ज्या बाईने आयुष्यभर अंगणातल्या नळावरून बादल्या वाहिल्या, तिच्या स्वयंपाकघरात आता पाणी आलं. घरात न्हाणीचा टब, स्वतःचा संडास, पुढे-मागे बाग. या सुखाचं मोल कमी लेखू नये. पण घरं जितक्या झपाट्याने झाली, तितक्या झपाट्याने बाकीच्या सोयी झाल्या नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत शाळा अपुऱ्या, दुकानं लांब, डॉक्टर मोजके आणि नोकऱ्या जुन्या लंडनातच. फोर्डचा मोटार कारखाना डॅगनमला 1931 मध्ये सुरू झाला. तोवर, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत त्यानंतरही, सकाळी रेल्वे गाठून शहरात जाणं चुकलं नाही. त्या तिकिटाचे पैसे पगारातूनच जात.

मृत्युदर वाचायचा कसा?

इंग्लंडमधल्या प्रत्येक नगरपालिकेला आरोग्य अधिकारी नेमावा लागे आणि तो दरवर्षी अहवाल देई. जन्म, मृत्यू, साथी, पाणी, मैला, ओलसर घरं, दुधाची तपासणी, सगळं त्यात येई. नव्या उपनगरांच्या अहवालांत मृत्युदर फार कमी दिसे आणि नगरसेवकांना त्याचा अभिमान वाटे. पण तो आकडा जपून वाचायला हवा. नव्या वसाहतीत राहायला येतात ती तरुण जोडपी आणि त्यांची मुलं. म्हातारी माणसं मागेच राहतात. जिथे म्हातारे थोडे, तिथे दर हजारी मृत्यू थोडेच असणार. त्यासाठी हवा सुधारली असण्याची गरज नाही.

दुसरीकडे, मुलांची संख्या प्रचंड असल्याने घटसर्प, लोहितज्वर आणि गोवर शाळांतून झपाट्याने फिरत. घटसर्पाची लस उपलब्ध होती, पण इंग्लंडने ती देशभर मोफत द्यायला सुरुवात केली 1940 च्या सुमारास. तोवर रोगी मुलाला संसर्गजन्य रोगांच्या इस्पितळात वेगळं ठेवायचं आणि घरातली अंथरुणं निर्जंतुक करायची, एवढाच मार्ग होता.

म्हणून खरी तुलना करायची तर वयाचा फरक वजा करून मृत्युदर काढावा लागतो. हे काम नेटाने केलं ते ईशान्य इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज या गावच्या आरोग्य अधिकाऱ्याने, डॉ. जी. सी. एम. मॅकगॉनिगल यांनी.

स्टॉकटनचा धडा

1927 मध्ये स्टॉकटनच्या नगरपालिकेने हाउसवाइफ लेन ही गलिच्छ वस्ती पाडली आणि तिथल्या सुमारे 700 माणसांना माउंट प्लेझंट या नव्या वसाहतीत नेलं. शेजारची रिव्हरसाइड ही तशीच गरीब वस्ती मात्र जागेवर राहिली. त्यामुळे तुलना करायला दोन वस्त्या आपोआप मिळाल्या. पाच वर्षांनी मॅकगॉनिगल यांनी हिशेब मांडला. जुन्या पडक्या रिव्हरसाइडमध्ये मृत्युदर घटला होता. नव्या, हवेशीर माउंट प्लेझंटमध्ये तो दर हजारी सुमारे 23 वरून 33 च्या वर गेला होता.

त्यांनी एकेक शक्यता तपासली. साथ आली होती का? नाही. घरं सदोष, सांडपाणी तुंबलेलं? तेही नाही. शेवटी त्यांनी घराघरांतले आठवड्याचे खर्च मांडले आणि उत्तर तिथे सापडलं. नव्या घराचं भाडं जुन्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. गावात बेकारी दाटलेली होती आणि बेकारभत्ता ठरलेला. भाडं थकवलं तर घर जाणार, म्हणून भाडं आधी. मग कोळसा. अन्नाला उरेल ते. दूध, अंडी, मांस, भाजी कमी होत गेली आणि पाव व चहावर दिवस निघू लागले. 1936 मध्ये जे. कर्बी यांच्यासह लिहिलेल्या 'पॉव्हर्टी अँड पब्लिक हेल्थ' या पुस्तकात त्यांनी हे सगळं मांडलं. त्याच वर्षी आहारशास्त्रज्ञ जॉन बॉइड ऑर यांनीही देशव्यापी पाहणीतून दाखवलं की, ब्रिटनमधल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा आहार पूर्ण आरोग्याला पुरेसा नव्हता.

या कपातीचा सगळ्यात मोठा वाटा घरातल्या बाईने उचलला. कमावत्या नवऱ्याला आणि मुलांना आधी वाढायचं, उरलं तर आपण खायचं, हे आपल्याही घरांना अपरिचित नाही. शिवाय 1911 च्या आरोग्य विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायको-मुलांना मिळाला नाही. तिने डॉक्टरकडे जायचं तर रोख पैसे मोजायचे, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. त्यातून नवी वसाहत तिच्या आईपासून आणि जुन्या शेजारणींपासून तोडणारी. 1938 मध्ये डॉ. स्टीफन टेलर यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उपनगरातल्या तरुण गृहिणींच्या एकटेपणाबद्दल आणि मनोविकारांबद्दल लेख लिहिला. त्यांच्यासमोर प्रामुख्याने थोड्या बऱ्या स्थितीतल्या, कर्जाने घर घेतलेल्या कुटुंबांतल्या बायका होत्या. म्हणजे एकटेपणाचा हा भार फक्त गरिबांवर नव्हता.

उपाय होता, आणि तो करून पाहिला गेला

यातून 'जुन्या वस्त्याच बऱ्या' असा निष्कर्ष काढणं घोर चूक ठरेल. मॅकगॉनिगल यांनी तो काढला नाही. आजार घरात नव्हता, घराच्या किमतीत होता. म्हणून उपायही तिथेच करायला हवा होता. लीड्स शहरात पाद्री आणि नगरसेवक चार्ल्स जेंकिन्सन यांनी 1934 मध्ये तो करून पाहिला. कुटुंबाला जगायला किती लागतं ते आधी वजा करायचं आणि उरलेल्या ऐपतीनुसार भाडं आकारायचं. अगदी गरिबाला भाडं माफ. पूर्ण भाडं भरणाऱ्या भाडेकरूंनी या योजनेला कडाडून विरोध केला, पण गरिबाच्या ताटाला हात न लावता त्याला चांगलं घर देता येतं, हे तिने दाखवून दिलं. त्याच वर्षीच्या दूध कायद्याने शाळकरी मुलांना अर्ध्या पेनीत पावशेराच्या आसपास दूध मिळू लागलं. तेही याच दिशेचं पाऊल.

इकडे, बेकनट्री बांधली जात होती त्याच सुमारास, मुंबई सरकारच्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे 207 बीडीडी चाळी बांधल्या. इथे बाग नव्हती, न्हाणीघर नव्हतं. एका कुटुंबाला सुमारे 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. तरीही सुरुवातीच्या वर्षांत कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडं गिरणी कामगाराला झेपेना आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती.

पुनर्वसन कुठलंही असो, त्याचं यश किती चाव्या वाटल्या यावर मोजू नका. भाडं, देखभाल खर्च आणि प्रवासभाडं दिल्यावर त्या घरात अन्नासाठी काय उरतं, हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला, आपल्या महापालिकेला विचारा. तो विचारल्याशिवाय बांधलेलं घर आरोग्य देईलच, याची खात्री नाही.

(पुढच्या लेखांकात : आजार होण्याआधीच कुटुंबाची तपासणी करणारं दक्षिण लंडनमधलं पेकहॅमचं आरोग्य केंद्र.)