मक्तेदारीकडून मुक्ततेकडे : संगणक ग्राफिक्सची वाटचाल

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये तरुणांची रात्रभर धावपळ सुरू होते. कुणी बॅनर तयार करतो, कुणी मिरवणुकीचा व्हिडिओ जोडतो. या कामासाठी वापरलेले सॉफ्टवेअर मात्र अनेकदा 'क्रॅक' केलेले, म्हणजे कुलूप तोडून घेतलेले असते. आणि सकाळी त्याच बॅनरखाली उभे राहून आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील अदिन्नादानापासून, म्हणजे न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे आहे. महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही तर आमच्या मुलांनी करायचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्याचे उत्तर संगणक ग्राफिक्सच्या इतिहासात सापडते.

१९८२ मध्ये जिम क्लार्क यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 'सिलिकॉन ग्राफिक्स' ही कंपनी स्थापन केली. त्रिमितीय चित्रे झपाट्याने काढणारी तिची वर्कस्टेशन्स पुढे चित्रपटसृष्टीत पोहोचली. 'टर्मिनेटर २' (१९९१) आणि 'जुरासिक पार्क' (१९९३) यांतील गाजलेली संगणकीय दृश्ये याच यंत्रांवर घडली. पण ग्राफिक्सचे हार्डवेअर कंपनीचे आणि त्यावर चालणारी 'आयरिक्स' ही ऑपरेटिंग सिस्टीमही कंपनीचीच. एकेका यंत्राची किंमत हजारो डॉलर. ज्याच्याकडे हे यंत्र नाही, त्याला या कलेचा उंबरठाही ओलांडता येत नव्हता.

१९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'ची सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले. या परवान्यानुसार सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि इतरांना देऊ शकतो. अट एकच, बदललेली आवृत्ती दुसऱ्याला देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्यावे लागते.

'टायटॅनिक' (१९९७) चित्रपटाच्या वेळी 'डिजिटल डोमेन' या स्टुडिओने दृश्यांच्या रेंडरिंगसाठी अल्फा प्रोसेसरची १६० यंत्रे घेतली. त्यांपैकी १०५ यंत्रांवर लिनक्स चालत होते. त्यानंतरच्या काही वर्षांत मोठमोठे स्टुडिओ लिनक्सकडे वळले. याची कारणे साधी होती. संगणकीय खेळांच्या बाजारपेठेमुळे साध्या पीसीसाठीची ग्राफिक्स कार्डे स्वस्त आणि वेगवान झाली. शिवाय आयरिक्स आणि लिनक्स या दोन्हींची घडण युनिक्सची, त्यामुळे स्टुडिओंना स्वतःची जुनी साधने नव्या यंत्रांवर नेणे सोपे गेले. सिलिकॉन ग्राफिक्सने २००६ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

ऑपरेटिंग सिस्टीम मुक्त झाली, तरी तिच्यावर चालणारे चित्रनिर्मितीचे बरेच सॉफ्टवेअर बंदिस्तच राहिले. आजही स्टुडिओंत लिनक्सवर महागडे बंदिस्त सॉफ्टवेअर चालते. ही दुसरी भिंत 'ब्लेंडर'ने ओलांडली. नेदरलँड्सच्या टॉन रोझेनडाल यांनी सुरू केलेल्या या सॉफ्टवेअरची कंपनी २००२ मध्ये बंद पडली. गुंतवणूकदारांनी एक लाख युरोच्या बदल्यात मूळ कोड मुक्त करण्याची तयारी दाखवली. जगभरातील वापरकर्त्यांनी ही रक्कम अवघ्या सात आठवड्यांत जमा केली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांचे झाले. योगायोग असा की बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली तीही १३ ऑक्टोबरलाच, १९३५ मध्ये. पुढे ब्लेंडरवर तयार झालेल्या 'फ्लो' या लाटव्हियाच्या चित्रपटाने २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवले. त्यामुळे फुकट म्हणजे कमअस्सल, हा समज आता टिकत नाही.

महापरिनिब्बाण सुत्तात भगवान बुद्ध आनंदाला सांगतात की, काही शिकवण मुठीत झाकून ठेवणाऱ्या आचार्यासारखे तथागतांचे नाही. ज्ञान मुठीत ठेवण्याच्या व्यवस्थेचे चटके आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. म्हणून कुलूप तोडून घेतलेल्या ज्ञानापेक्षा दान म्हणून मिळालेले ज्ञान आपल्याला जवळचे वाटायला हवे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरसची भीती असते आणि त्यावर उघडपणे व्यवसायही उभा करता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर तो ताठ मानेने करता येतो.

अडचणी आहेत. जुनी सवय मोडावी लागते, आणि काही छापखाने ठरावीक सॉफ्टवेअरचीच फाइल मागतात. तिथे छपाईयोग्य पीडीएफ चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. बॅनरसाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप, छपाईच्या मांडणीसाठी स्क्रायबस, व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह आणि ॲनिमेशनसाठी ब्लेंडर ही साधने पैसे न मोजता, कायदेशीररीत्या मिळतात.

आपल्या विहारांमध्ये रविवारी वंदना होते, मुलांचे वर्ग होतात. तिथेच दोन-चार संगणक ठेवून या साधनांचा वर्ग सुरू करता येईल. ज्या तरुणांना हे काम येते, त्यांनी इतरांना शिकवावे. येत्या जयंतीचा निदान एक बॅनर तरी असा असावा, ज्याखाली उभे राहून दुसरे शील म्हणताना आपला आवाज अडखळणार नाही.