केलॉइडचं इंजेक्शन घ्यायला जाताय? आधी हे ऐका

कान टोचल्यावर पाळीला गाठ आली आणि ती जखमेबाहेर पसरत चालली, तर ते बहुधा केलॉइड. घरचे म्हणतील, ‘कापून टाक एकदाचं!’ पण नुसतं कापलं तर ते बरेचदा परत येतं, कधीकधी आधीपेक्षा मोठं. म्हणून सहसा आधी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट गाठीत टोचतात, साधारण 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने, बऱ्याच वेळा. म्हणजे लग्नाच्या आठवडाभर आधी धावण्यात अर्थ नाही.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, शुगर काही दिवस वाढू शकते. गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, गाठीतून येणारा पू, हेही सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. आणि हो, दुखतं! बधिर करणारं क्रीम आधी लावता येईल का, विचारा. नंतर तिथली त्वचा फिकट पडू शकते. प्रत्येक वेळी त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा, फरक कळतो.