करंड्यातले कुंकू

जुना पितळी करंडा माळ्यावरून खाली आला, की आपण आधी तो चिंच लावून लखलखीत घासतो. भांडे उजळते खरे. पण सांदीत राहिलेले कुंकू नि मेण मोरीतून वाहून जाते आणि शृंगाराच्या इतिहासाचे एक पान पुसले जाते.

त्या पानाचे मोल केवढे, हे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील कुप्यांनी दाखविले. प्राचीन इजिप्तमधल्या या प्रसाधनाच्या कुप्यांतली पूड सुदैवाने कोणी धुतली नव्हती. १९९९ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिचे पृथक्करण प्रसिद्ध केले. काजळासाठी वापरलेले शिशाचे काळे खनिज तीत होतेच. शिवाय निसर्गात क्वचितच सापडणारे शिशाचे दोन पांढरे क्षारही निघाले. चार हजार वर्षांपूर्वी माणसाने ते बुद्ध्या बनविले होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. घासलेल्या कुपीने हे कधीच सांगितले नसते.

आपल्या करंड्यातले कुंकू हळदीला क्षार नि लिंबाचा रस देऊन केलेले, की हिंगुळाचे? हिंगुळात पारा असतो, शेंदरात शिसे; म्हणून जुनी पूड कपाळी लावू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

करंडा बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावा, आतला थर तसाच राखावा, ऊन व ओल यांपासून जपावा. तो कोणाचा, कोणत्या गावचा, कुंकू कसे करीत, हे आजीला विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे. करंडा थांबेल, आजीची आठवण थांबेलच असे नाही.