सुभाष रोडवरची खाद्यफेरी

पेरूमधलं कुस्को किंवा इक्वेडोरमधलं कितो, अँडीज पर्वतातल्या अशा जुन्या शहरांत पर्यटकांना खाऊ घालत पायी फिरवणं हा आता रीतसर व्यवसाय आहे. पाचसहा माणसांचा गट, बरोबर त्याच गावचा वाटाड्या, सुरुवात मंडईत आणि मग गल्ल्यांमधून थांबत थांबत जाणं. थांब्यावर खायचं थोडं आणि ऐकायचं जास्त. आपल्याकडच्या ज्या गावांना ही पद्धत शोभेल त्यांत धारवाड मी फार वर धरेन. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेलं, जी. ए. कुलकर्णींनी आयुष्याची कितीतरी वर्षं जिथे इंग्रजी शिकवत काढली ते हे गाव. त्याच्या बाजारपेठेतल्या सुभाष रोडवर आणि आसपासच्या गल्ल्यांत एका संध्याकाळची फेरी कशी आखायची, ते सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. दुपारचं जेवण हलकं ठेवून साडेचारच्या सुमाराला निघावं. कढया त्या वेळी तापू लागतात आणि रात्रीच्या जेवणाला अजून अवकाश असतो. दुसरी गोष्ट प्रमाणाची. चार जणांत दोन प्लेट, हा नियम शेवटच्या थांब्यापर्यंत पाळायचा. अशा फेऱ्या फसतात त्या बहुतेक वेळा पहिल्याच ठिकाणी पोट भरल्यामुळे.

धारवाड म्हटलं की पेढा, म्हणून आधी लाईन बझारला जाऊन पेढा घेऊन ठेवावा. ठाकूर पेढ्याच्या जुन्या दुकानात विक्रीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि माल संपतोही, त्यामुळे हे काम शेवटावर टाकू नये. हे ठाकूर कुटुंब एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून इथे आलं. मिश्रा पेढ्याचं नाव त्यानंतरचं, १९३३ पासूनचं. धारवाडी पेढ्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. पेढ्याचं मर्म भाजण्यात आहे. म्हशीच्या दुधाचा खवा साखर घालून कढईत परततच राहायचा. पाणी उडत जातं, दुधातली साखर आणि प्रथिनं तापून तपकिरी होतात, आणि खव्याचा मऊपणा जाऊन त्याला रवाळपणा येतो. मग वळून बारीक साखरेत घोळवायचं. साताऱ्याचा कंदी पेढाही भाजलेल्या खव्याचाच, पण त्याला हा साखरेचा थर नसतो. एक पेढा मोडून आतला रंग पाहावा. बाहेरून पांढरट दिसणारा पेढा आत चांगला खरपूस तपकिरी असतो. चवीपुरता अर्धा खावा, बाकीचे पिशवीत.

तिथून सुभाष रोडकडे. बाजारात शिरलं की आधी मसाल्याच्या दुकानापुढे थांबायचं. ब्याडगी मिरची मागून हातात घ्यावी. लांब, सुरकुतलेली, गडद लाल. तिखटपणा बेताचा आणि रंग भरपूर, हा तिचा गुण. म्हणूनच या भागातली आमटी पाहून घाबरलेला पाहुणा पहिल्या घोटानंतर निवांत होतो. ब्याडगी हे गाव आज हावेरी जिल्ह्यात आहे. १९९७ मध्ये जिल्ह्याचे तुकडे होईपर्यंत ते धारवाड जिल्ह्यातच होतं. या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं वाटाड्याने इथेच सांगायला हवं, कारण पुढच्या प्रत्येक पदार्थात ही मिरची किंवा तिची हिरवी बहीण भेटणार आहे.

आता गिरमिट. मराठी माणूस त्याला भेळेच्या रांगेत बसवून मोकळा होतो, पण घडण वेगळी आहे. भेळेच्या चटण्या गार असतात. गिरमिटाचा मसाला शिजवलेला. तेलात मोहरी-जिरं, हिरवी मिरची, भरपूर कांदा, हळद, टोमॅटो, मग चिंच आणि गूळ घालून तो दाट होईपर्यंत आटवतात. हा झाला गोज्जू. गाडीवाल्याचा हात पाहत उभं राहावं. मोठ्या पातेल्यात चुरमुरे, त्यावर गोज्जू, आणि लगेच फुटाण्याच्या डाळ्याची पूड. ही पूडच सगळं सावरते. ती मसाल्यातला ओलावा शोषून घेते आणि चुरमुऱ्यांवर त्याचा लेप चढवते, त्यामुळे चुरमुरे मऊ पडायला थोडा वेळ लागतो. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, बारीक शेव. तरीही ही थांबणारी वस्तू नव्हे. हातात आली की खायची, फोटो नंतर. सोबत मिरची भजी हवीच. लांब, फारशी जहाल नसलेली मिरची बेसनात बुडवून तळलेली. एक घास गिरमिटाचा, एक भज्याचा, असं इथले लोक खातात आणि तेच बरोबर आहे.

याच थांब्यावर कुस्कोची आठवण काढायला जागा आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा ही चारही पिकं अमेरिका खंडातली. बटाटा तर अँडीजचाच, शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची जहाजं गोव्याला लागू लागली, आणि मिरचीसारखी पिकं त्या वाटेने घाट चढली. गोवा इथून जवळ. त्याआधी इथल्या स्वयंपाकाचा तिखटपणा मिऱ्याचा होता. सुभाष रोडवरची एक प्लेट एवढा लांबचा इतिहास सांगते, आणि वाटाड्या बरोबर घ्यायचा तो हे ऐकण्यासाठी.

पोटाला विश्रांती म्हणून पुढचा थांबा पुस्तकांचा. याच रस्त्यावर लक्ष्मी भवनाच्या माळ्यावर मनोहर ग्रंथमाला आहे. जी. बी. जोशी यांनी ती १९३३ मध्ये सुरू केली. तो माळा ‘अट्ट’ या नावानेच कन्नड साहित्यात ओळखला जातो, कारण लेखक तिथे जमत, वाचत, भांडत. गिरीश कार्नाडांचं ‘ययाति’ नाटक या संस्थेने १९६१ मध्ये प्रकाशित केलं, खांडेकरांची ‘ययाति’ आल्यावर दोनच वर्षांनी. खाद्यफेरीत प्रकाशन संस्था कशाला, असं कोणी विचारील. गावाच्या जिभेला कसली सवय आहे ते जाणून घ्यायचं तर तिथल्या गप्पांची जागाही पाहायला हवी.

शेवटचा मुक्काम खानावळीत. बसवेश्वरांच्या परंपरेतल्या लिंगायत खानावळी शाकाहारी असतात. मांसाहार हवा असेल तर सावजी खानावळी आहेत, त्यांचा रस्सा मात्र खरोखर जहाल. पहिल्यांदा येणाऱ्याने शाकाहारी ताट घ्यावं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं म्हणजे इथलं एण्णेगाई, मोड आलेल्या कडधान्याची पल्ल्या, शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, कच्ची मेथी, काकडी, कांद्याची पात, दही. सोलापूर-सांगलीच्या माणसाला हे ताट घरचं वाटेल. फरक भाकरीत. इथली भाकरी पातळ, आणि तिचा कडक प्रकार तर पापडासारखा मोडतो.

शक्य असेल तर परवानगी काढून चुलीजवळ उभं राहावं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून पीठ कडकडीत पाण्यात भिजवतात. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ बांधून ठेवतो. पाणी कोमट असलं तर भाकरीच्या कडा चिरतात. थापणाऱ्या बाईंचा तळवा कडेकडेने फिरतो, मध्ये जवळजवळ नाहीच, आणि भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होते. तव्यावर पडली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, कोरडं पीठ निघून जावं म्हणून. कडक भाकरी मग मंद आचेवर ओलावा पूर्ण जाईपर्यंत भाजतात. ती कितीतरी दिवस टिकते. प्रवासाला, शेतावर, वसतिगृहात जाणाऱ्या मुलाच्या पेटीत हीच जायची. चटणीच्या पुड्या आणि कडक भाकरी तिथून विकतही मिळतात, त्या जरूर घ्याव्यात.

वाटाड्या कोण? पर्यटन कंपनीच हवी असं नाही. धारवाडला शिकलेला एखादा मित्र, त्याची आत्या, महाविद्यालयातला जाणकार विद्यार्थी, कोणीही चालेल, मात्र त्याला कन्नड यायला हवं आणि दुकानदारांनी त्याला ओळखायला हवं. ओळखीच्या माणसाला कढईजवळ येऊ देतात, अनोळख्याला काउंटरवरूनच प्लेट मिळते. गर्दीच्या वेळी प्रश्न विचारत उभं राहू नये, कारण मागचं गिऱ्हाईक खोळंबतं. पुरे झालं की ‘साक्री’ म्हणावं. पंगतीत वाढप्याचा हात तेवढ्याने थांबतो.

पुण्या-मुंबईहून हुबळीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या धारवाडला थांबतात. पुढच्या वेळी गोव्याला किंवा हंपीला जाताना एक संध्याकाळ इथे उतरा, आणि गाडी स्टेशनजवळ सोडून पायी फिरा.